जुनं वॉलेट, नवा कंपायलर: कोथरूडमधल्या एका बिल्डचं प्रकरण

माझ्या मावसभावाने, दादाने, २०१४ मध्ये कोथरूडच्या घरी दोन ग्राफिक्स कार्डं लावून एका लहानशा क्रिप्टो नाण्याचं मायनिंग, म्हणजे संगणकाला हिशेब करायला लावून नवी नाणी मिळवणं, केलं होतं. कार्डं तपकीर गल्लीतून आणलेली. तिसरं वीजबिल आल्यावर मावशीने ते बंद करायला लावलं. तोवर जमलेली नाणी एका वॉलेट डॉट डॅट फाइलमध्ये, म्हणजे नाण्यांच्या गुप्त किल्ल्या ठेवणाऱ्या फाइलमध्ये, राहिली. ती फाइल आणि वॉलेट प्रोग्रॅमचा त्या वेळचा सोर्सकोड, म्हणजे मूळ लिखित कोड, एका पेनड्राइव्हवर होता, पासफ्रेज आणि पत्ता डायरीत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर केलं तेव्हा दादाने विषय सोडून दिला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर पेनड्राइव्ह कुठे आहे हेच घरात कोणाला आठवत नव्हतं. तो गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना सापडला.

नाण्याचं नाव सांगत नाही, इथे त्याची गरजही नाही. पीअरकॉइनच्या घराण्यातलं, म्हणजे बिटकॉइनच्या जुन्या कोडवर प्रूफ ऑफ स्टेकची (हातातल्या नाण्यांच्या बळावर नवी नाणी मिळवायच्या पद्धतीची) भर घालून काढलेलं, एवढं पुरे. अशी शेकडो नाणी २०१३-१४ मध्ये निघाली आणि त्यांचा कोड एकमेकांवरून उतरवलेला होता. त्यामुळे इथे आलेल्या एरर त्या पिढीच्या जवळजवळ कुठल्याही वॉलेटला येतील.

तयार प्रोग्रॅम उतरवून का चालवला नाही, हे पहिल्यांदा वहिनींनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. जुन्या आवृत्तीचा तयार प्रोग्रॅम मूळ ठिकाणी आता मिळत नव्हता. इतरत्र जे फिरत होतं ते कोणी बांधलं, त्यात काय मिसळलं, हे कळायला मार्ग नव्हता. अनोळखी वॉलेटमध्ये पासफ्रेज टाकणं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देणं. म्हणून सोर्सपासून बांधायचं ठरलं, म्हणजे कंपायलरकडून मूळ कोडचा चालता प्रोग्रॅम करून घ्यायचा. यालाच बिल्ड म्हणतात. पेनड्राइव्हवरचा कोड आणि सार्वजनिक भांडारातला त्याच आवृत्तीचा टॅग मी ओळीओळीने ताडून पाहिला, मजकुरात एकही फरक नव्हता. वॉलेट फाइलच्या तीन प्रती काढल्या, तिन्हींचे शा-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारे ठसे) लिहून ठेवले आणि मूळ पेनड्राइव्ह कपाटात गेला. पुढचं सगळं काम प्रतीवर झालं.

शेवटच्या ओळीचा फोटो

दादाने आधी स्वतःच प्रयत्न केला होता. त्याने मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवला: शेवटच्या चार ओळी, त्यात तीनदा 'एरर' आणि एकदा 'स्टॉप'. कंपाइल करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाची इथेच फसगत होते. शेवटची ओळ फक्त मेक, म्हणजे बांधणीची कामं क्रमाने करवून घेणारा प्रोग्रॅम, थांबला एवढं सांगते. का थांबला, ते बरंच वर असतं. त्यातून दादाने आठ कामं एकाच वेळी चालतील असा पर्याय दिला होता, म्हणजे आठ फाइलींच्या तक्रारी एकमेकांत मिसळून आलेल्या.

"दादा, फोटो नको. एका वेळी एकच काम चालू दे, सगळा मजकूर फाइलमध्ये साठव आणि ती फाइल पाठव," असं मी सांगितलं. त्या फाइलमध्ये 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते शोधलं. तिथेही नेमकं कारण नव्हतं, ते त्याच्या दोन ओळी आधी होतं: लेव्हलडीबी या वॉलेटसोबतच्या डेटाबेसच्या फोल्डरमधल्या 'बिल्ड डिटेक्ट प्लॅटफॉर्म' या स्क्रिप्टला 'परमिशन डिनाइड'. ही स्क्रिप्ट यंत्राची माहिती काढून 'बिल्ड कॉन्फिग' नावाची फाइल लिहिते. स्क्रिप्ट चालली नाही, म्हणून ती फाइल बनली नाही, म्हणून मेकने ती सापडत नाही असं ओरडून सांगितलं. दादा दोन दिवस ती फाइल इंटरनेटवर शोधत होता. ती कुठेच मिळणार नव्हती, कारण ती प्रत्येक यंत्रावर नव्याने तयार व्हायची असते.

परवानगी गेली कशी? कोड पेनड्राइव्हवर होता आणि पेनड्राइव्हची फाइल सिस्टीम फॅट. फॅटमध्ये युनिक्सच्या परवानग्या साठवायची सोयच नाही. अकरा वर्षांपूर्वी कॉपी करतानाच ती खूण पुसली गेली होती. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी परत दिली आणि लेव्हलडीबी मुकाट्याने बांधला गेला.

बर्कली डीबी

पुढची पायरी वॉलेटच्या डेटाबेसची. या पिढीची वॉलेट फाइल बर्कली डीबी ४.८ ने लिहिलेली असते. दादाच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि तिच्या भांडारात ५.३ मिळते. ५.३ ने जुनं वॉलेट उघडतं, पण एकदा त्याने फाइलला हात लावला की ती ४.८ वाल्या प्रोग्रॅमला परत वाचता येईलच असं नाही. आम्ही ५.३ चं डेव्हलपमेंट पॅकेज मुद्दाम बसवलंच नाही, म्हणजे चुकूनही त्याचे हेडर (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली) आत शिरायला नकोत. ४.८.३० सोर्सपासून बांधायला घेतलं.

तिथे जीसीसी १३ या कंपायलरने अडवलं. बर्कली डीबीच्या 'ॲटॉमिक डॉट एच' मध्ये 'ॲटॉमिक कम्पेअर एक्स्चेंज' नावाचं एक फंक्शन आहे आणि त्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोअर आहेत. पुढे नेमकं तेच नाव कंपायलरने स्वतःच्या अंगभूत फंक्शनसाठी घेतलं. एका वाड्यात एकाच नावाची दोन माणसं झाली की पोस्टमन दाराशी थबकतो, तसं झालं. उपाय सर्वज्ञात आहे: त्या फाइलमध्ये नावाला 'डीबी' असं शेपूट जोडायचं. मी तो बिनदिक्कत केला. बदल होता तो फक्त नावाचा, तोही एका लायब्ररीच्या आतल्या खासगी फंक्शनच्या. हिशेब बदलत नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या एररला मी असा हात लावला नाही.

इकडे आड, तिकडे विहीर

आता मुख्य कोड. पहिल्याच फाइलला एरर: अवतरणचिन्हाला चिकटून 'पीआरआय६४डी' हा मॅक्रो (कंपाइल होताना ज्याच्या जागी ठरलेला मजकूर येतो असं नाव) लिहिलेला. जुन्या सी++ मध्ये हे चालत असे. सी++११ पासून अवतरणाला चिकटलेलं नाव म्हणजे त्या मजकुराचा खास प्रत्यय असा अर्थ झाला, म्हणून कंपायलर अस्तित्वात नसलेला ऑपरेटर शोधत बसतो. जीसीसीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून सी++१४ हेच गृहीत धरायला सुरुवात केली. त्या आधी नवे नियम मुद्दाम न मागणाऱ्याला जीसीसीत ही एरर दिसत नव्हती.

दादा म्हणाला, "मग त्याला सांग ना, जुन्याच नियमांनी वाच." सांगता येतं. सी++९८ चा पर्याय दिला आणि ती एरर गेली, पण बूस्ट या सी++ लायब्ररी-संग्रहाच्या हेडरमधून हजारो ओळींचा लोंढा आला. उबुंटू २४.०४ चं बूस्ट १.८३ आहे आणि त्याच्या ज्या भागांवर हे वॉलेट उभं आहे त्यांना किमान सी++११ लागतं. नवे नियम लावले तर वॉलेटचा कोड मोडतो, जुने लावले तर बूस्ट मोडतं. माझ्या मते पुढचं सगळं इथेच उमगायला हवं होतं. मला तेव्हा ते उमगलं नाही. मी नवे नियम ठेवून मॅक्रोच्या आधी जागा सोडत गेलो, कारण तो बदलही निर्धोकच होता.

मग खरी एरर समोर आली: 'सीबिगनम'चा मूळ वर्ग 'बिगनम' अपूर्ण आहे.

हे नीट उलगडून सांगायला हवं. बिटकॉइनच्या जुन्या कोडला मोठ्या आकड्यांचा हिशेब लागे. मायनिंगचं लक्ष्य २५६ बिटांचं असतं आणि प्रूफ ऑफ स्टेकमध्ये तर नाण्यांचं वय आणि रक्कम यांचे गुणाकार पदोपदी येतात. त्यासाठी ओपनएसएसएल या सांकेतिक लेखनाच्या लायब्ररीचा 'बिगनम' घेऊन त्याचा वारसा सांगणारा 'सीबिगनम' हा वर्ग लिहिला गेला. वारसा घ्यायचा तर कंपायलरला मूळ रचना आतून दिसावी लागते: किती बाइटची, कुठला घटक कुठे. ऑगस्ट २०१६ मध्ये ओपनएसएसएल १.१.० आलं आणि त्यांनी या रचना बाहेरच्यांना बंद केल्या. हेडरमध्ये आता फक्त नाव असतं, आतला मांडणीचा तपशील लायब्ररीपाशी राहतो. वारस नोंद लावायची आहे आणि सातबारा बघायला मिळत नाही, अशी ती अडचण.

ओपनएसएसएलने हे विनाकारण केलं असं मला वाटत नाही. आतली रचना लोकांनी धरून ठेवली की लायब्ररीला ती कधीच सुधारता येत नाही. त्याची किंमत मात्र अशा जुन्या कोडने मोजली. बिटकॉइनने स्वतः 'सीबिगनम' २०१४ मध्येच काढून टाकला होता आणि २०२० च्या ०.२० आवृत्तीत ओपनएसएसएलवरचं अवलंबनच संपवलं. त्याच्या अनेक पिलावळींना एवढं मनुष्यबळ कधीच नव्हतं.

तयार पॅच

या एररवर तयार पॅच, म्हणजे कोडमधले बदल एकत्र दिलेल्या फाइली, मिळतात. वारसा काढून टाकायचा, वर्गाच्या पोटात 'बिगनम'चा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवायचा आणि शंभरेक ठिकाणी त्यानुसार बदल करायचे. एवढ्याने भागत नाही. 'की डॉट सीपीपी'मध्ये सहीचे दोन आकडे, आर आणि एस, थेट रचनेतून उचलले आहेत. 'क्रिप्टर डॉट सीपीपी'मध्ये एईएस या कुलूपबंद करायच्या पद्धतीची रचना थेट मांडली आहे. त्या रचनाही १.१.० मध्ये बंद झाल्या, म्हणून तिथेही बदल.

मी एक पॅच लावला. काही किरकोळ तक्रारी मिटवल्यावर बिल्ड पूर्ण झालं. दादाने पेढे आणायची भाषा केली. मी रिकाम्या फोल्डरमध्ये नवं, बिनपैशांचं वॉलेट तयार केलं, एका संदेशावर सही केली आणि तीच सही तपासायला सांगितली. प्रोग्रॅम 'डबल फ्री' म्हणून कोसळला.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. नव्या पद्धतीत आर आणि एस सहीच्या रचनेत ठेवायचे तर एक खास फंक्शन वापरावं लागतं आणि त्या क्षणी दोन्ही आकड्यांची मालकी सहीकडे जाते. पॅच लिहिणाऱ्याने ते ठेवल्यावर स्वतःही मोकळे केले होते आणि मग सहीही मोकळी केली होती. एकच जागा दोनदा परत केली. कंपायलरच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती.

मालकीची ती चूक मी दुरुस्त करू शकलो असतो, पुढे केलीही. पण त्या संध्याकाळी माझं मत पक्कं झालं की दादाचं खरं वॉलेट या बिल्डने उघडायचं नाही. कोसळणारी चूक दिसली तरी. न कोसळता चुकीची सही करणारी चूक दिसली नसती. डेबियनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून मेमरी तपासणाऱ्या साधनाची एक तक्रार घालवण्यासाठी कोड काढला गेला आणि त्याबरोबर यादृच्छिकताही गेली. मे २००८ मध्ये उघड झालं तेव्हा कळलं की दोन वर्षं तयार होणाऱ्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजार शक्यतांमधल्याच एक होत्या. सगळं कंपाइल होत होतं, सगळं चालत होतं. तसंच ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक आकड्यांमधल्या दोषाने काही बिटकॉइन वॉलेटमधून पैसे चोरीला गेले. एकच गुप्त आकडा दोन सह्यांना वापरला गेला की त्या दोन सह्यांवरून खासगी किल्ली काढता येते. किल्ल्या हाताळणाऱ्या कोडमध्ये एरर घालवण्यासाठी केलेला प्रत्येक बदल हा पैशांच्या हिशेबातला बदल असतो.

कोड तसाच, भोवतालचं जग जुनं

उलटा विचार सुरू केला. कोड २०१४ चा आहे आणि त्या वेळी तो बांधला जात होता. मग आपण त्याला त्याच्या काळातलं घर का देऊ नये?

डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात दुसरी प्रणाली चालवणाऱ्या साधनात, उबुंटू १६.०४ घेतलं. निवडीमागे कारण होतं. त्यातला जीसीसी ५.४ अजून सी++९८ गृहीत धरतो, म्हणून मॅक्रोची एरर उद्भवतच नाही. बूस्ट १.५८ जुन्या नियमांवर खूश असतं. आणि ओपनएसएसएल १.०.२ मालिकेतलं आहे, जिथे 'बिगनम' अजून उघडा आहे. १८.०४ घेतलं असतं तर जीसीसी ७ आणि मूळ ओपनएसएसएल १.१, म्हणजे पुन्हा तीच दोन दुखणी. १४.०४ सुद्धा चाललं असतं, पण गरजेपेक्षा मागे जायचं कारण नव्हतं.

कंटेनरमध्ये कोडची कोरी प्रत घेतली. मी मॅक्रोंमध्ये सोडलेल्या जागाही त्यात नव्हत्या. फक्त लेव्हलडीबीच्या स्क्रिप्टला परवानगी दिली. बर्कली डीबी ४.८.३० पुन्हा बांधलं, या वेळी नाव बदलायचीही गरज पडली नाही, आणि त्याच्या हेडरचा व लायब्ररीचा मार्ग मेकला स्पष्ट दिला. यूपीएनपी (राउटरमधून वाट उघडून घेणारी सोय) बंद केलं, आम्हाला नेटवर्कशी देणंघेणं नव्हतं. दादाने सवयीने पुन्हा आठ कामं लावली आणि कंपायलर मध्येच 'किल्ड' होऊन पडला. लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम, सी++ चा कंपायलर मेमरीला हपापलेला, कर्नलने त्याला संपवलं. ही कोडची चूक नसते. एका वेळी एकच काम लावून ते सुरळीत पुढे गेलं. मध्ये गुरुवार आला, दुरुस्तीसाठी वीज गेली आणि लॅपटॉपची जुनी बॅटरी पंधरा मिनिटांत आटोपली. मेकने संध्याकाळी पूर्ण झालेल्या फाइली सोडून पुढून सुरुवात केली. शेवटी लिंकरने, म्हणजे तयार तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, बूस्टचा 'क्रोनो' भाग सापडत नसल्याचं सांगितलं, तो मेकफाइलमधल्या यादीत एका शब्दाने वाढवला. एवढा एकच बदल, तोही बांधणीच्या कृतीत. वॉलेटच्या कोडमधली एकही ओळ बदलली नव्हती.

जुन्या ओपनएसएसएलला जुनी भोकंही असतात, हे विसरून चालत नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड (मेमरीतली गुपितं बाहेर गळू देणारा दोष) उघड झालं ते याच काळातलं, १.०.१ मालिकेतलं. म्हणून बिल्ड झाल्यावर तो कंटेनर नेटवर्क पूर्ण तोडून चालवला आणि लॅपटॉपचं वायफायही बंद केलं. खासगी किल्ली वाचायला इंटरनेट लागत नाही.

आधी पुन्हा कोरं वॉलेट: सही केली, तपासली, बरोबर. संदेशातलं एक अक्षर बदललं, सही नाकारली गेली, तेही बरोबर. मग दादाच्या वॉलेटची प्रत आत ठेवली. त्याने डायरीतून पासफ्रेज टाकली आणि वॉलेट उघडलं. पत्त्यांच्या यादीत डायरीतला पत्ता होता. खासगी किल्ली बाहेर काढली.

इथे थांबायला मन होत नव्हतं, कारण किल्ली ज्याने दिली त्यालाच ती बरोबर आहे का विचारण्यात अर्थ नसतो. मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: किल्लीवरून सार्वजनिक किल्ली, तिचा शा-२५६, त्याचा राइपएमडी-१६० (आणखी एक हॅश), पुढे नाण्याचा आवृत्ती बाइट आणि शेवटी बेस५८ ही पत्ता अक्षरांत लिहायची पद्धत. पत्ता निघाला, तो डायरीतला नव्हता. दादा काही बोलला नाही, फक्त डायरी माझ्याकडे सरकवली. दहा मिनिटांनी लक्षात आलं. एकाच खासगी किल्लीची सार्वजनिक किल्ली पूर्ण किंवा आखूड अशा दोन रूपांत लिहिता येते आणि दोहोंचे पत्ते वेगळे निघतात. २०१२ पासून बिटकॉइन आखूड रूप वापरू लागलं आणि हे वॉलेट त्यानंतरचं. बाहेर काढलेल्या किल्लीच्या शेवटी ०१ हा बाइट होता, तो हेच सांगत होता. मी पूर्ण रूप वापरलं होतं. स्क्रिप्ट बदलली, पुन्हा चालवली. दादाने डायरीतलं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी पडद्यावर बोट फिरवत गेलो. चौतिसावं अक्षर जुळल्यावर वहिनींनी चहा ठेवला.

किल्ली कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली. कंटेनर बांधायची कृती, वापरलेल्या प्रत्येक संग्रहाचे हॅश आणि मेकफाइलमधला तो एक शब्द, असं सगळं एका पानावर उतरवून त्याच्याबरोबर ठेवलं. पॅचमधली मालकीची चूक दुरुस्त करून ती लिहिणाऱ्याला कळवली, कारण दुसरं कोणी आपलं खरं वॉलेट त्या बिल्डने उघडायला बसलं असेल. नाणी विकायची का, आणि विकली तर त्यावरच्या ३० टक्के कराचा हिशेब कसा करायचा, हे दादा त्याच्या सीएशी बोलून ठरवणार आहे.